लोकरीच्या गावात फ्रेंच डिक्टेशन

एकतीस वर्षं मी पुण्यातल्या एका शाळेत फ्रेंच शिकवलं आणि त्या एकतीस वर्षांत एकाही फ्रेंच माणसाशी धड बोलले नाही. हे वाक्य आज मी बिनदिक्कत लिहू शकते. ऑस्ट्रेलियाला जाण्यापूर्वी हे माझ्या तोंडून कोणी वदवून घेऊ शकलं नसतं.

ज्यांना आमची पुणेरी पद्धत ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आमच्याकडे मूल आठवीत फ्रेंच घेतं ते फ्रान्सला जायला नाही, मार्कांसाठी. विषय 'स्कोअरिंग'. ठरलेले उतारे, ठरलेली पत्रं, 'माझं कुटुंब' आणि 'माझी शाळा' हे दोन हुकमी निबंध आणि रोज डिक्टेशन. माझी मुलं शंभरात पंचाण्णव आणायची आणि पालक भेटले की हात जोडायचे. मॅडम, तुम्हाला फ्रेंच बोलता येतं का, असं कोणी कधी विचारलं नाही. मीच मला अधूनमधून विचारायचे आणि उत्तर टाळायचे.

एकदा मात्र फारच वाईट टाळलं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी आमच्या शाळेत एक फ्रेंच गृहस्थ मुलांशी गप्पा मारायला येणार होते. आदल्या संध्याकाळी मी मुख्याध्यापिकाबाईंना ताप आल्याचा निरोप पाठवला आणि दुसऱ्या दिवशी घरी बसले. ताप वगैरे काही नव्हता. त्या माणसाने मुलांसमोर मला काही विचारलं आणि मला समजलंच नाही तर, या कल्पनेने माझी पाचावर धारण बसली होती. नंतर बाई म्हणाल्या, "पाहुणे फार खूश होऊन गेले हो." मी समजले, बटाटेवडे आवडले असतील. हा तापाचा किस्सा मी घरातही कोणाला सांगितला नव्हता.

या वर्षी सप्टेंबरात मी माझ्या मुलीकडे, शाल्मलीकडे, सिडनीला गेले. ती स्कोफिल्ड्सला राहते. सगळी घरं नवीकोरी, एकसारखी; मी पहिल्या आठवड्यात दोनदा शेजारच्यांच्या दाराला किल्ली लावली. शाल्मली फिजिओथेरपिस्ट आहे. एका बुधवारी ती क्लिनिकमधून आली, बॅग ठेवली आणि म्हणाली, "आई, या वीकेंडला आपण बाहेर जातोय. तुझं नाव दिलंय मी."

"कसलं नाव?"

"माझ्या क्लिनिकमध्ये जेन आहे ना, तिच्या आईच्या गावाचं फ्रान्समधल्या एका गावाशी ट्विनिंग आहे. त्यांचा फ्रेंच वीकेंड असतो. तिकडून एक बाई येतायत, संडेला हॉलमध्ये त्यांचं भाषण आहे, आणि जे काका ट्रान्सलेट करायचे त्यांचं हिपचं ऑपरेशन झालं. ते लोक फुल स्ट्रेसमध्ये आहेत. मी म्हटलं, माझी आई थर्टी इयर्स फ्रेंच टीचर होती."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

तेवढ्यात मी तव्यावरची पोळी करपवली. दोन दिवस मी बहाणे शोधत होते. पण जावयाने आणि नातीने एवढं कौतुक केलं, नातीने तर "आजी, दॅट्स सो कूल" म्हणून गळ्यात हात टाकले, की नाही म्हणायची सोयच राहिली नाही.

शुक्रवार: डोंगरापलीकडे

ब्लू माउंटन्स ओलांडले की सिडनी एकदम संपतं. मग नुसती जमीन. वसंत ऋतू होता, दोन्ही बाजूंना पिवळीधमक शेतं. मी मोहरी म्हणाले, शाल्मली म्हणाली कॅनोला. मध्येच निलगिरीच्या झाडांचा एखादा पुंजका आणि त्याच्या सावलीत दाटीवाटीने उभ्या मेंढ्या. माणूस कुठे दिसत नाही. मला एरवी असा देखावा आवडला असता. पण मी गाडीत बसून भूतकाळी क्रियापदं घोकत होते.

गावाचं नाव सांगत नाही. गाव एवढंसं आहे की नाव सांगितलं तर माझ्या गोष्टीतल्या सगळ्यांची घरंच सापडतील. वेशीवर एक पाटी आहे: वर गावाचं नाव, खाली जुळ्या गावाचं नाव आणि त्याखाली किलोमीटर, सतरा हजारांच्या आसपास. आपल्याकडे मुलगी दिली की दोन गावांची सोयरीक होते. इथे थेट गावांचंच लग्न लावतात. कागदावर दोन्हीकडच्या सह्या होतात, एकमेकांच्या नावाच्या पाट्या लागतात आणि वर्षातून एकदा इकडच्यांनी तिकडचा सण करायचा असतो.

सोयरीक जमवली लोकरीने. या भागातली लोकर एके काळी गठ्ठे बांधून बोटीने उत्तर फ्रान्समधल्या त्या गावी जायची. तिथे गिरण्या होत्या. आता गिरण्या बंद पडल्या आणि इकडेही मेंढ्यांच्या जागी कॅनोला आला. व्यवहार संपल्यावर लग्न लागलं, हे मला विशेष वाटलं.

जेनच्या आईचं नाव मार्गरेट. वय चौऱ्याहत्तर, पायांत गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आणि डोक्यावर फ्रेंच चित्रकारांसारखी चपटी टोपी. ती ट्विनिंग मंडळाची सेक्रेटरी, तिचा नवरा केन खजिनदार, हमाल आणि स्वयंपाकी. दारात तिने मला फ्रेंच पद्धतीने दोन्ही गालांना गाल लावले. पहिल्याच गालाला आमचे चष्मे एकमेकांवर आपटले.

"सॉरी, लव्ह," ती म्हणाली. "तुझं नाव कसं म्हणायचं? वासंती? वॅस म्हटलं तर चालेल?"

सहासष्ट वर्षांत मला कोणी वॅस म्हटलं नव्हतं. चालेल म्हटलं.

मंडळाची बैठक तिच्याच अंगणात भरली होती. अकरा जण, सगळे साठीपुढचे. फ्रेंच झेंड्यांच्या पताका कोणी लावायच्या, मागच्या वर्षी लाऊडस्पीकर कोणामुळे बंद पडला, रॅफलच्या सोडतीत पहिलं बक्षीस चीज ठेवायचं की वाइन, यावर जोरदार वाद चालला होता. आपल्याकडचं गणपती मंडळच बसलं आहे असं वाटून मला जरा बरं वाटलं. केनने गावच्या उद्यानात बारीक खडी पसरून लोखंडी गोळे टाकायच्या फ्रेंच खेळाचं मैदान केलं होतं आणि तो प्रत्येकाला नेऊन ते दाखवत होता. कांद्याच्या सूपचं भलंमोठं पातेलं शिजत होतं. सगळं अगदी मनापासून चाललेलं. फक्त फ्रेंच कोणालाच येत नव्हतं. "बोंज्यू" आणि "मेर्सी" यापलीकडे मंडळाची मजल नव्हती.

"आता तू आलीस, आम्ही सुटलो," मार्गरेट म्हणाली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी सूप पीत हसले. त्यांची चिंता उचलून त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवली होती.

शनिवार: डिक्टेशन आणि गुडघा

सकाळी वाचनालयात पहिला कार्यक्रम होता, डिक्टेशनची स्पर्धा. फ्रेंच लोक डिक्टेशनकडे शाळेतली शिक्षा म्हणून बघत नाहीत, मोठी माणसं हौसेने त्याच्या स्पर्धा भरवतात. हे मी पुस्तकात वाचलं होतं. या गावात ती स्पर्धा होते, आणि ऑपरेशन झालेल्या काकांच्या जागी उतारा मी वाचायचा, हे मात्र मला न्याहारीला कळलं.

वाचनालय पाच मिनिटांवर. निघताना केनने मला आइस्क्रीमचा रिकामा प्लास्टिकचा डबा दिला. मागच्या बाजूला मार्करने दोन डोळे काढलेले.

"डोक्यावर घाल. मॅगपायचा सीझन आहे, मेट."

मॅगपाय म्हणजे काळापांढरा, कावळ्याएवढा पक्षी. वसंतात त्याची पिल्लं घरट्यात असतात आणि तो येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोक्यावर मागून झडप घालतो. डोळे काढलेला डबा असला की म्हणे बिचकतो. मी पुण्याची निवृत्त शिक्षिका, असलं काही घालणार नाही, असं ठरवून डबा हातात धरला. चौथ्या झाडाखाली कानाशी फडफड झाली, केसांतून वारं गेलं आणि पुढचा रस्ता मी डबा डोक्यावर दाबून पळत काढला. वाचनालयात शिरले तेव्हा सात स्पर्धक उभे राहिले. त्यांनी टाळ्या वाजवल्या त्या डब्याला की मला, हे मी विचारलं नाही.

पण उतारा हातात आला आणि माझी पाठ आपोआप ताठ झाली. डिक्टेशनची एक रीत असते. आधी सगळा उतारा एकदा वाचायचा. मग तुकड्यातुकड्याने, स्वल्पविराम आला की 'व्हिर्ग्यूल' म्हणायचं, पूर्णविराम आला की 'प्वँ'. प्रत्येक तुकडा दोनदा. शेवटी पुन्हा सगळा. मी टेबलांमधून हात मागे बांधून फिरत होते, डोकावत होते, आणि एका काकांना शेजारच्या वहीत बघू नका म्हणून दटावलंसुद्धा. पहिला नंबर गावच्या बेकरीवाल्यांचा आला. ते मूळचे व्हिएतनामचे. बाहीला पीठ लागलेल्या अवस्थेत येऊन बसले होते. त्यांच्या आजोबांनी लहानपणी त्यांना फ्रेंच डिक्टेशन घातलं होतं, म्हणून गावातला फ्रेंच पाव आणि शुद्धलेखन दोन्ही त्यांच्याकडे.

तास छान गेला. मला वाटलं, जमतंय की.

दुपारी केन बसस्टॉपवरून पाहुणीला घेऊन आला. मादाम ओदिल. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, बारीक, निळ्या कार्डिगनमधल्या. त्यांनी माझा हात धरला आणि बोलायला लागल्या.

मला एक अक्षर कळलं नाही. अतिशयोक्ती करत नाही. पहिलं 'बोंज्यू' कळलं आणि मग नुसता ओघ, शब्दाला शब्द चिकटलेला, निम्मे गिळलेले. मी ज्या भाषेचे एकतीस वर्षं पेपर तपासले ती ही नव्हतीच. मध्ये त्यांनी काहीतरी विचारलं, कारण आवाज वर गेला आणि त्या माझ्याकडे बघत थांबल्या. मी "वी, वी" म्हणाले. हो, हो.

"काय म्हणतायत?" मार्गरेटने विचारलं. अकरा तोंडं माझ्याकडे वळली.

"म्हणतायत, सगळं छान आहे. कार्यक्रम ठरल्याप्रमाणे होऊ दे."

मी हे कुठून काढलं, मला आजही सांगता येणार नाही.

ठरलेला कार्यक्रम असा होता की पाहुणीला मेंढ्यांची लोकर कातरण्याची जुनी शेड दाखवायची. शेड टेकाडावर, गाडी खालीच थांबते. आम्ही गवतातून चढ चढलो, मग सहा उंच लाकडी पायऱ्या. ओदिल मागे पडत होत्या. शेडमध्ये फळ्यांना वर्षानुवर्षांचा मेंढीचा तेलकट वास होता. त्यांनी टेबलावरची लोकर उचलली, चिमटीत धरून ओढली, चोळली, कानाशी नेऊन पुन्हा ओढली. केन कातरणीच्या कामात जन्म काढलेला माणूस, तो बघतच राहिला. "हिला कळतं," तो म्हणाला. तेवढं मला भाषांतर करावं लागलं नाही.

उतरताना शाल्मलीने मला बाजूला घेतलं. "आई, त्यांचा गुडघा बघ. केवढा सुजलाय! या पायाने एवढं चढायला नको होतं. त्यांनी तुला काही सांगितलं नाही?"

"सांगितलं असेल."

"असेल म्हणजे?"

मी पुढची पायरी उतरले. शाल्मलीने पुढे विचारलं नाही. घरी पोहोचल्यावर तिने मार्गरेटच्या फ्रीझरमधून मटारचं पाकीट काढून टॉवेलात गुंडाळलं आणि ओदिलच्या गुडघ्यावर बांधलं. ओदिल दोन्ही वेळा, गुडघा दाखवताना आणि मटार बांधून झाल्यावर, माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाल्या. रागावून नाही. मला माझी अतोनात लाज वाटली. परीक्षेत कॉपी केलेल्या मुलांना मी वर्गाबाहेर उभं करायचे, आणि आज मी एका म्हातारीला खोटं बोलून टेकाड चढवलं होतं. उद्या हॉलमध्ये दीडशे माणसांसमोर हेच होणार होतं.

सकाळी अंगात कणकण आहे म्हणून सांगावं, असं जेवताना मनात आलं. मग आठवलं, हा बहाणा वापरून झालाय.

रविवार: हॉल

सहाला उठून चहा करायला स्वयंपाकघरात गेले तर ओदिल तिथेच, पाय खुर्चीवर, गुडघ्यावर मटारचं नवं पाकीट. आम्ही दोघीच. मी अंथरुणात जुळवून ठेवलेली वाक्यं उभ्याउभ्या म्हटली. फ्रेंचमध्ये आपल्यासारखं 'तुम्ही' आहे, याचं त्या क्षणी मला फार हायसं वाटलं. इंग्रजीत माफी मागताना समोरचं माणूस आपल्यापेक्षा मोठं आहे हे दाखवायचं तरी कसं?

"मादाम, काल मला तुमचं एकही वाक्य समजलं नाही. मी समजल्याचं ढोंग केलं. तुमचा गुडघा माझ्यामुळे दुखतोय. मी शाळेत फ्रेंच शिकवायचे. मला वाचता येतं, लिहिता येतं, डिक्टेशन घालता येतं. पण बोललेलं फ्रेंच माझ्या कानांवर कधी पडलेलं नाही."

त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग कप खाली ठेवला, पाठ ताठ केली आणि वेगळ्याच आवाजात बोलल्या. तो आवाज मी लगेच ओळखला. एकतीस वर्षं माझ्याच गळ्यातून निघत होता.

"काल दुपारी, व्हिर्ग्यूल, मी तुम्हाला सांगितलं, व्हिर्ग्यूल, की माझा गुडघा दुखतोय, व्हिर्ग्यूल, आणि विचारलं की मी घरीच थांबले तर चालेल का. प्वँ."

शब्दन् शब्द कळला. माझा जीव भांड्यात पडला, आणि त्याबरोबर डोळ्यांत पाणीही आलं. मी खुर्ची ओढून बसले.

ओदिल छत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. रोज सकाळी पहिला तास डिक्टेशनचा. "त्या आवाजात मी आता कोणाशी बोलत नाही," त्या म्हणाल्या, तुकडे पाडत, "कारण माझी मुलगी चिडते." मग विचारलं, "भाषणही असंच करू या का?"

मार्गरेट चहाला आली तेव्हा तिलाही सगळं सांगून टाकलं. एकदा सुरू केल्यावर थांबवेना. ती ऐकून म्हणाली, "ओह लव्ह, वीस वर्षं मी फ्रेंच मंडळाची सेक्रेटरी आहे, मला मेन्यूसुद्धा वाचता येत नाही. नो वरीज. तू टोस्ट खा."

अकरा वाजता हॉल भरला. केनने ओदिलसाठी खुर्ची आणि पायाखाली स्टूल ठेवलं. मी शेजारी उभी. त्यांनी पिशवीतून गोणपाटाचा एक जीर्ण तुकडा काढला आणि मांडीवर पसरला. त्यावर काळ्या ठसठशीत अक्षरांत या गावाचं नाव होतं.

त्यांनी सुरुवात केली. एक तुकडा त्या बोलायच्या, स्वल्पविराम सांगायच्या, मी तो इंग्रजीत सांगायची, मग पुढचा. पहिल्या दोन 'व्हिर्ग्यूल'ना लोक गोंधळले, तिसऱ्याला हसले. सहाव्यापासून पूर्णविराम आला की मागच्या रांगेतून कोणीतरी "प्वँ!" म्हणायला लागलं, आणि मग सगळा हॉलच म्हणायला लागला. डिक्टेशनचे सात स्पर्धक पुढे बसले होते, ते तर सगळ्यांत मोठ्याने.

"माझे वडील गिरणीत गठ्ठे फोडायचं काम करत. रिकामे गोणपाट घरी आणत, दाराशी पाय पुसायला. त्यावर अक्षरं असत, कारण तुमच्याकडचा प्रत्येक गठ्ठा..." इथे एक शब्द आला जो मला ठाऊक नव्हता. मी थांबले. हीच ती भीती, मुलांसमोर, माणसांसमोर थांबण्याची. ओदिलनी शब्द पुन्हा म्हटला, दोनदा, रीतीप्रमाणे, आणि बोट अक्षरांच्या कडेवरून फिरवलं.

"हा शब्द मला येत नाही," मी माइकवर म्हणाले.

"स्टेन्सिल, मेट!" केन पाचव्या रांगेतून ओरडला. "मी स्वतः मारलेत हजारो!"

हॉल हसला, ओदिल हसल्या, मी हसले. मला एक शब्द आला नाही आणि आभाळ कोसळलं नाही. एवढी साधी गोष्ट समजायला मला सहासष्ट वर्षं लागली.

"मी चार वर्षांची होते," ओदिल पुढे म्हणाल्या. "वडिलांनी माझं बोट धरून या अक्षरांवरून फिरवलं. मी वाचलेला पहिला शब्द 'आई' नव्हे, तुमच्या गावाचं नाव. हे गावाचं नाव आहे हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, लोकरीलाच असं म्हणतात. शिक्षिका झाल्यावर मी दर वर्षी पहिल्या दिवशी फळ्यावर हाच शब्द लिहिला. गिरणी बंद झाली तरी लिहिला. आज मी त्या शब्दात येऊन बसले आहे."

शेवटचं वाक्य मी इंग्रजीत दोनदा सांगितलं. या वेळी कोणी "प्वँ" म्हणालं नाही. ओदिलनाच ते म्हणावं लागलं, हळू. केनने टोपी काढून मांडीवर ठेवली होती.

नंतर सूप, बेकरीवाल्यांचे लांब पाव, फ्रेंच झेंडे टोचलेले लॅमिंग्टन केक आणि रॅफल. चीज मलाच लागलं. निघताना ओदिलनी माझ्या दोन्ही गालांना गाल लावले. आम्ही दोघींनी आधीच चष्मे काढून ठेवले होते.

परतताना

गाडी पिवळ्या शेतांमधून चालली होती. मला इतकं हलकं वाटत होतं की मी शाल्मलीला सगळंच सांगायचं ठरवलं. "शमू, तू आठवीत माझ्याच वर्गात असताना शाळेत एक फ्रेंच गृहस्थ आले होते. मी त्या दिवशी आले नव्हते. मला..."

"ताप नव्हता," ती म्हणाली.

मी तिच्याकडे वळले.

"मी शाळेत निघाले तेव्हा तू माळ्यावरचे डबे काढून घासत बसली होतीस, आई. ताप आलेलं कोणी माळ्यावर चढतं का?"

"मग कधी बोलली नाहीस ते?"

"काय बोलणार? तुझा चेहरा बघून कळलं होतं, हे विचारायचं नाही." तिने एक ट्रक पुढे जाऊ दिला. "ते गृहस्थ वर्गात आले ना, त्यांनी आधी इंग्लिशमध्ये सुरू केलं. मी उभी राहिले आणि 'माझं कुटुंब' अख्खा म्हणून टाकला. मग सगळेच म्हणायला लागले. ते इतके हसले, आणि तासभर फ्रेंचमध्येच बोलले. आम्हाला निम्मं कळलं. जाताना त्यांनी विचारलं, तुम्हाला कोण शिकवतं? मी म्हटलं, माझी आई. तर म्हणाले, आईला सांग, मला तुम्हा मुलांचं प्रत्येक वाक्य समजलं."

मी चष्मा काढून पुसायला घेतला.

"निरोप द्यायचा होता गं. पण दिला असता तर तू म्हणाली असतीस, अरेरे, नेमका मला ताप. पुन्हा खोटं बोलावं लागलं असतं तुला. ते मला नको होतं. मग राहूनच गेलं. त्या बुधवारी जेनने विचारलं तेव्हा पहिल्यांदा आठवलं, म्हणून तर पटकन नाव देऊन टाकलं."

म्हणजे अठ्ठावीस वर्षं ते उत्तर माझ्याच घरात, माझ्याच मुलीच्या पोटात होतं. त्यानंतर मी कितीतरी वर्षं शिकवलं, आणि रोज वाटायचं, मी मुलांना खोटं नाणं देते आहे. ते नाणं चाललं होतं. मी खिडकीकडे तोंड करून रडून घेतलं. दुःखाने नाही, सुटल्यासारखं वाटून. शाल्मलीने एक हात स्टिअरिंगवरून काढून माझ्या गुडघ्यावर ठेवला.

थोड्या वेळाने मी डोळे पुसले. "म्हण बघू तो निबंध."

"काय आई! आता कुठे आठवतोय!"

"म्हण."

तिने घसा साफ केला आणि सुरुवात केली. माझं कुटुंब लहान आहे, प्वँ. आम्ही तिघं आहोत, व्हिर्ग्यूल, आई, बाबा आणि मी, प्वँ. तोच चढउतार, तेच थांबणं, सगळं माझं. शेवटपर्यंत म्हटला तिने. आईविषयीच्या वाक्यात एक चूक केली, आठवीत असताना करायची तीच. तेव्हा मी ती प्रत्येक वेळी काढायचे. या वेळी काढली नाही.